बारसं साहेबांच्या नातवाचं, पोटदुखी हापिसाची

या खेपेला तीन पत्रं कॅमेऱ्याची निघाली, योगायोगच म्हणायचा. पहिलं लांबलचक होतं, थोडं कापलंय, नावगाव काढून टाकलंय. बाकी शब्द त्यांचेच.

प्रश्न : काका नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यात एका पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे, आवक-जावक माझ्याकडे, वय ३४. गाव तालुक्यापासून ११ किलोमीटर, घरची दोन एकर धानाची शेती आणि गावाला लागूनच मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातला. फोटोग्राफीचा नाद सहा वर्षांपासून आहे, म्हणजे मोबाईलवाला नाही, खरा नाद. नागपूरहून सेकंडहँड निकॉनची बॉडी आणली, मग पतसंस्थेचं कर्ज काढून दीडशे-सहाशेची लेन्स घेतली, तिचा हप्ता अजून चालू आहे. पहाटे तलावावर, मग घरी आंघोळ-जेवण, मग ऑफिस, असं माझं चालते.

मागच्या ऑगस्टमध्ये मला कमळपक्ष्याचा नर मिळाला, पिल्लं पंखाखाली दाबून उभा, आणि खालून पिल्लांचे लांब लांब पाय लोंबत होते. असा फोटो जन्मात एखाद्या वेळी मिळते. तो पेपरच्या जिल्हा पुरवणीत माझ्या नावासकट आला. तेव्हापासून ऑफिसमध्ये हवाच बदलली. आधी "काय बर्डवाले" म्हणायचे ते हसण्यावारी होतं, आता मी आलो की बोलणं थांबते. ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "पगार सरकारचा, पोज पाखराची". बाजूच्या टेबलवाल्याने वॉलपेपरला फोटो मागितला म्हणून मी पेनड्राईव्हवर ओरिजिनल फाईल दिली, तर महिनाभरात साहेबांकडे निनावी अर्ज, की हा इसम ऑफिस टाइममध्ये तलावावर असतो, आणि पुरावा काय तर त्या फाईलच्या प्रॉपर्टीजचा प्रिंट, वेळ ११ वाजून २२ मिनिटं. काका, देवाशपथ सांगतो फोटो सकाळी सातच्या आतला आहे, कॅमेऱ्याचं घड्याळच चुकीचं आहे, जुनी बॉडी, मी ते कधी लावलंच नाही. साहेबांनी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. ते माझ्यावर खूश आहेत, नातवाचं बारसं, पोरीचा साखरपुडा, बंगल्यावरचा गणपती, सगळ्याचे फोटो मीच काढले, एक पैसा घेतला नाही. उन्हाळ्यात लग्नाच्या दोन ऑर्डरी केल्या, शनिवार-रविवार पाहूनच, २४ हजार मिळाले ते लेन्सच्या हप्त्यात गेले, तेही आता लोकांना खुपते. बायको म्हणते, पाखराले पाहाले टाइम हाय, पोराचं दप्तर पाहाले नाही. कधी कधी वाटते विकून टाकावा कॅमेरा. या जळणाऱ्या लोकांचं करायचं काय?

उत्तर : भाऊ, कॅमेरा विकू नका, त्याचं घड्याळ लावा.

थांबा, आत्ता नका लावू! लावायच्या आधी एक काम करा. मोबाईलवर सेकंदकाट्यासकट घड्याळ उघडा आणि त्याचा या कॅमेऱ्याने फोटो काढा. फोटोत मोबाईलची खरी वेळ दिसेल आणि फाईलमध्ये कॅमेऱ्याची खोटी वेळ बसेल, दोन्हींतला फरक एकाच फाईलमध्ये पकडला जाईल. तुमचं म्हणणं खरं असेल तर फरक साडेचार तासांच्या आसपास निघाला पाहिजे. ती फाईल जपून ठेवा, मग खुशाल घड्याळ नीट करा. आणि कमळपक्ष्याच्या मूळ फाईलला हात लावू नका. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फोटोंची वेळ मागेपुढे करता येते हे तुम्हाला माहीत असेलच, पण ते तुमच्या त्या टेबलवाल्यालाही माहीत असेल, मग तो म्हणेल पहा, फाईलच बदलली ह्याने.

दुसरं, फोटोतली सावली पहा. ऑगस्टात तुमच्याकडे सूर्य सहाच्या थोडा आधी निघतो, म्हणजे सातच्या आत तो जेमतेम हातभर वर आलेला, पाखराची सावली त्याच्या उंचीच्या तीन-चारपट लांब पडली असेल आणि उजेड पिवळा, आडवा. साडेअकराला त्याच पाखराची सावली त्याच्याच पायाखाली गोळा झालेली असती. हे कळायला फोटोग्राफर असावं लागत नाही, बांधावर बसून जेवणाऱ्या कोणालाही कळते. ऊन होतं ना त्या दिवशी? ढगाळ असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

आणि तिसरी गोष्ट तुमच्या नाकासमोर आहे राजेहो, तुम्ही आवक-जावकवाले! त्या तारखेच्या आवक रजिस्टरात तुमच्या अक्षरातल्या नोंदी असतीलच, हजेरीपटावर सही असेलच. अकरा बावीसला तलावावर उभा असलेला माणूस टपालाला नंबर देत नसतो.

हे सगळं अर्ध्या पानात लिहा, तारखा घालून, कोणावर आरोप न करता, आणि खुलासा म्हणून साहेबांकडे द्या, पोच घ्या. तुम्ही म्हणाल साहेबांनी तर अर्ज ठेवून दिला, उगाच कशाला उकरायचा. अहो, साहेब बदलून जाईल, अर्ज ड्रॉवरमध्येच राहील. पुढचा साहेब ड्रॉवर साफ करेल तेव्हा त्याला नुसता अर्ज सापडण्यापेक्षा खाली टाचणी लावलेला खुलासा सापडलेला बरा.

आता मुख्य भानगड. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं, पेपरात फोटो आला आणि लोकांच्या पोटात दुखलं, सरळ आहे. मग दुसऱ्यांदा वाचताना "बारसं, साखरपुडा, बंगल्यावरचा गणपती" यावर अडकलो. भाऊ, कमळपक्ष्यावर कोणी जळत नाही हो. तुमच्या हापिसातल्या निम्म्या लोकांना तो पक्षी कोणता हेही सांगता यायचं नाही. ते जळतात ते साहेबांच्या बंगल्याच्या फाटकावर. तुम्ही खांद्याला कॅमेरा लावून आत जाता, साहेबीणबाई तुम्हाला चहा देतात, आणि यांना मेडिकल बिलावर सही घ्यायला तीन-तीन दिवस दाराबाहेर उभं राहावं लागते. बदल्यांचा सीझन आला की प्रत्येकाला वाटणारच, याची बदली थांबेल, माझी लागेल. तुम्ही म्हणाल मी एक पैसा घेतला नाही. तेच तर, पैसे घेतले असते तर एवढं दुखलं नसतं कदाचित, फुकट केलं म्हणूनच त्यांना त्याची किंमत वेगळी दिसते. आणि खरं सांगा, साहेबाने अर्ज ठेवून का दिला? सावली पाहून दिला की बारसं पाहून? हे तुम्हालाही नक्की सांगता येत नाही, मग त्यांना काय सांगता येणार.

तेव्हा साहेबांची घरची कामं बंद. आजपासून. तोंडावर नाही म्हणायची गरज नाही, "माझी लेन्स पाखराची आहे साहेब, माणसं त्यात मावत नाहीत, अमुक स्टुडिओवाला चांगला काढते, नंबर देऊ का?" एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही, दीडशे-सहाशेने बारसं काढायचं तर पाळण्यापासून मागे मागे जात अंगणात यावं लागेल. एकदा वाईट वाटेल साहेबांना, दोनदा वाटेल, मग स्टुडिओवाला जाईल. हापिसात सगळ्यांसाठी काढायचा असेल तर निरोप समारंभाचा काढा, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचा, आणि सगळ्यांना सारखा द्या.

लग्नाच्या ऑर्डरींबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागतात, राज्य सरकारच्या लोकांना १९७९ चे, आणि परवानगी नसताना जोडधंदा करायचा नाही हे दोन्हीकडे आहे. शनिवार-रविवार होता म्हणून तो धंदा राहत नाही असं नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हापासून अनेकांना वाटायला लागलं की शनिवार आपल्या बापाचा, पण ती सुट्टी आहे, नोकरीतून सुटका नाही. पेपरात एखादा फोटो छापून येणं, एखादं बक्षीस मिळणं, ही कलेची गोष्ट झाली, त्याकडे सहसा वेगळ्या नजरेने पाहतात. तरी मानधन मिळणार असेल तर आधी आस्थापना शाखेत विचारून लेखी अर्ज टाका. पण लग्नाची ऑर्डर, ॲडव्हान्स, अल्बम, हा धंदाच. निनावी अर्ज लिहिणाऱ्याने चुकीच्या जागी दगड मारला, पुढच्या वेळी बरोबर जागी मारेल. लेन्सचा हप्ता पगारातून भागत नसेल तर कर्जाची मुदत वाढवून घ्या, आणि ते २४ हजार रिटर्नमध्ये दाखवा.

आता थोडं माझं. मी तुमच्याएवढा होतो तेव्हा एका हापिसात कारकून होतो आणि झाडीपट्टीच्या नाटकात छोटी छोटी कामं करायचो. या नाटकांचं माहेरघर वडसा जवळच होतं. दिवाळी झाली की होळीपर्यंत आमचा सीझन, शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक ठरलेलं, दहाला पडदा वर गेला की खाली यायला पहाट व्हायची. तिथून एसटी पकडून सरळ हापिसात. तोंड धुतलेलं असायचं, पण काजळ काही निघत नसे पूर्ण, आणि कानामागे रंगाचा पांढरा पट्टा राहून जायचा. समोरच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ होते, ते चष्म्यावरून पाहायचे आणि म्हणायचे, "आले बालगंधर्व." रोज. दोन वर्षं मी त्या माणसावर मनातल्या मनात दात खाल्ले, घरी बायकोजवळ म्हणायचो, जळते मेला, ह्याच्या अंगात कला नाही ना.

मग एकदा फेब्रुवारीत ते आठ दिवस रजेवर गेले. त्या आठ दिवसांत माझी रोजकीर्द तीनदा जुळली नाही, एकदा तर ४६० रुपयांचा फरक रात्री आठपर्यंत सापडेना. तेव्हा डोक्यात उजेड पडला. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारी पेंगायचो आणि माझी बेरीज तेच तपासून नीट करून ठेवायचे, काही न बोलता. बोलायचे ते फक्त "आले बालगंधर्व". रजेवरून आल्यावर मी त्यांना म्हटलं, काका, नाटकाच्या दुसऱ्या दिवसाचं तुम्ही पाहता, तर महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांचं तुमचं मी पाहीन. बालगंधर्व म्हणणं त्यांनी सोडलं नाही, पण आवाज बदलला त्यातला.

म्हणून विचारतो, तुमच्या नादाचं ओझं कोणाच्या टेबलावर पडते का? तुम्ही आवक-जावकवाले, सकाळचं टपाल आलं की पहिलं काम तुमचं. तलावावर पाखराने खेळवलं, मग गाडी पंक्चर झाली, पोहोचायला दहा वाजून गेले, तोवर नंबर टाकायचं काम कोण करते? बाजूचा टेबलवाला करत असेल, तोच ज्याने पेनड्राईव्ह मागितला, तर त्याच्याशी चहाच्या टपरीवर बसा आणि सरळ बोला. प्रिंट त्यानेच काढला असेल असं धरून चालू नका, पेनड्राईव्ह हापिसात दहा हातांतून फिरते. आणि तुमच्यामुळे कोणाला एक मिनिटाचाही त्रास होत नसेल, तर मग उरले ते नुसते जळणारे. ते असतातच, त्यांच्यासाठी एकच करा, हापिसात फोटो दाखवणं बंद. ग्रुपवर नाही, स्टेटसला नाही, जेवणाच्या सुट्टीत मोबाईल काढून "हे पहा" नाही. कठीण आहे हे, मला माहीत आहे, चांगला फोटो मिळाला की माणसाला खाज सुटते. तर पाखरांवाल्या लोकांना दाखवा, त्यांना तुमच्या शटर स्पीडची कदर असेल, टपालाच्या नंबरशी त्यांना घेणंदेणं नाही.

वेळेचं गणित तुमच्या बाजूने आहे खरं तर. हापीस पावणेदहाचं. डिसेंबरात तुमच्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास निघतो, म्हणजे तास-सव्वा तास तलावावर आणि सव्वाआठला काहीही झालं तरी कॅमेरा बॅगेत, मोबाईलला गजर लावून. मेमध्ये साडेपाचच्या आसपासच उजाडते, सातनंतरचा उजेड तसाही पांढराफटक होतो, थांबण्यात अर्थ नाही. रोज जाऊ नका. आठवड्यातून दोन सकाळी आणि एक रविवार. मार्च एंडला कॅमेरा कपाटात, तसाही मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचणाऱ्या बाया दिसतील तेवढ्या एका रविवारी काढून या, विचारून काढा मात्र. एक गोष्ट तुमची मला फार आवडली, जिल्ह्यात ताडोबा असून पत्रात वाघाचं नाव नाही. १९५५ पासूनचं ते राष्ट्रीय उद्यान, लोक मुंबई-पुण्याहून जिप्सी बुक करून येतात, आणि तुम्ही मालगुजारी जाऊन माजी झालेल्या आपल्या गावच्या तलावावर, चालत जाता येईल अशा जागी सहा वर्षं उभे आहात. माजी मालगुजारीचा मामा, हे नाव कोणी ठेवलं असेल त्याला माझा नमस्कार.

आणि हो. हापिसाबद्दल तुम्ही पानभर लिहिलं, बायकोबद्दल एक ओळ. दप्तर पाहा पोराचं. त्याला एखाद्या रविवारी सोबत न्या तलावावर, पण कॅमेरा त्याच्या हातात द्या, नाहीतर तो तिथे बसून चिखलात दगड मारेल आणि तुम्ही त्याच्यावर खेकसाल.

प्रश्न : काका, मी वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैल घेऊन मिरवतानाचे फोटो मी माझ्या कॅमेऱ्याने काढले, शाळा सुटल्यावर, गावात. त्यातला एक आमच्याच केंद्रातल्या एका शिक्षकाने स्वतःच्या नावाने एका स्मरणिकेत छापून आणला. विचारलं तर म्हणतात, शाळेच्या पोरांचा फोटो आहे मॅडम, तुमचा कसा? खरंच माझा नाही का?

उत्तर : तुमचाच आहे ताई. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, त्यात फोटोचा पहिला मालक काढणारा. दोन ठिकाणी गोष्ट बदलते, कोणी पैसे देऊन तुमच्याकडून काढून घेतला असेल तर, किंवा नोकरीचं काम म्हणूनच काढला असेल तर. तुम्हाला नेमलं शिकवायला, शाळा सुटली होती, कॅमेरा घरचा. फोटोत कोण आहे यावरून मालक ठरत नाही, नाहीतर बैलाचा फोटो बैलाचा झाला असता. आणि हा हक्क काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्यानंतर आणखी ६० वर्षं टिकतो, म्हणजे त्या गुरुजींच्या पेन्शननंतरही.

पण लगेच वकील नको. स्मरणिकेच्या संपादकांना मूळ मोठी फाईल दाखवा, सोबत त्याच्या आधीचे-नंतरचे चार फोटो, तोच बैल, तीच गल्ली. चोरणाऱ्याकडे एकच फोटो असतो, काढणाऱ्याकडे अख्खी रांग असते. पुढच्या अंकात दुरुस्ती छापा म्हणा. यापुढे ग्रुपवर टाकताना फोटो लहान करून टाका, लांब बाजू १२०० पिक्सेल पुष्कळ झाली, मोबाईलवर छान दिसतो, छापायला गेलं की फाटतो. आणि पोरांचे चेहरे ओळखू येत असतील तर छापायच्या आधी आईबापांना विचारलेलं बरं, ते तुम्हालाही लागू आहे आणि गुरुजींनाही.

प्रश्न : रोवणीच्या दिवसांत लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं आलं आहे. शेजारी म्हणतो कॅमेरा तांदळाच्या कोठीत ठेव. ठेवू का?

उत्तर : अजिबात नको! ती बुरशी आहे, आणि कोठीत कोंडा असतो, तो लेन्सच्या रिंगमध्ये जाऊन बसला की रिंग करकर वाजायला लागेल. मोठा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा घ्या, रबर लावलेला, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन बसले समजा, मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करा, तो तवा मात्र पोळीला वापरू नका. कॅमेऱ्याची कापडी किंवा चामड्याची बॅग पावसाळ्यात डब्याबाहेरच राहू द्या, ओल तीच धरून ठेवते. आणि आत आलेली बुरशी स्वतः उघडून पुसू नका, नागपूरला रिपेरिंगवाल्याकडे न्या, लवकर न्या, कारण ती काचेवरचं कोटिंग खाते आणि मग पुसली तरी डाग राहतो. तोवर ती लेन्स दुसऱ्या लेन्सच्या शेजारी ठेवू नका.